चित्र अकोल्यात, आवाज वलगावात

वलगाव,
१० नोव्हेंबर २०२४

चि. सौ. शकुनबाईस,

शेषरावभाऊचे अनेक आशीर्वाद. इकडे मी बरा, शालू बरी, वावरातला झेंडू बरा. तिकडे तू रागात असशील, ते धरूनच लिहून राहिलो.

भाऊबीजेले तू ओवाळून गेली अन् तवापासून सात खेपा तुहा फोन आला. सातही खेपा मी हॅलो म्हटलं, त्याच्यापुढं माहा एक शब्द तुह्या कानात गेला नाही. तू बोलते, मंग रडते, मंग फोन ठेवते. म्हून मी ठरवलं, आता आपलं जे बोलणं होईन ते पत्रानं. कागदावर तुले मधात बोलता येत नाही. तिकीट घ्याले गेलो तं पोस्टातला कुलदीप विचारे, काका, घरी सगळं ठीक हाय ना. बहिणीले हातानं पत्र लिहिणारा माणूस त्यानं पह्यल्यांदाच पाह्यला म्हणे.

आता गुन्हा कबूल करतो. तुह्या लग्नाची सीडी पालकाच्या वाफ्यावर मीच टांगली. पालक कोवळा असला का पाखरं टोचून टोचून खातात, अन् वर काही चकाकतं फिरलं का येत नाहीत. म्हून घरातल्या जुन्या सीड्यांचा गठ्ठा सोडला, दोरा ओवला अन् टांगून दिल्या. तिच्यावर लाल पेनानं तुहं अन् जानरावजींचं नाव होतं, ते मले चष्म्याशिवाय दिसलं नाही. तुले मात्र बांधावरून दिसलं. आपल्या पोरीनं, वर्षालीनं, ती काढून, धुऊन कॉम्प्युटरात टाकून पाह्यली. उन्हानं खलास झाली हाय, काही उघडत नाही. पाखरं मात्र भेतात, म्हून पुन्हा टांगली.

पण जाता जाता तू जे बोलली ते मले लागलं. तू म्हणे, बरं झालं टांगली, तसंही माय पोरीले वाटे लावाले अंगणात आली नव्हती, त्यात पाहण्यासारखं काय होतं. शकुन, माय होती. मी जीपच्या टपावर तुही पेटी बांधून राहिलो होतो, ती नेमकी कुठी उभी होती ते नाही सांगू शकत. पण होती. अठ्ठावीस वर्षं हे मनात धरून बसली अन् मले आता सांगते काय?

जानरावजींले नमस्कार. माया राहू दे. राग काढायचाच असन तं पाखरांवर काढजो.

तुहा,
शेषरावभाऊ


अकोला,
१६ नोव्हेंबर २०२४

तीर्थरूप भाऊस,

शकुनचा वाकून नमस्कार. वाकली, पण राग उतरला नाही.

तुहं पत्र आमच्या यायनं, तुह्या जानरावजींनं, दुकानात हार ओवता ओवता मोठ्यानं वाचलं. गिऱ्हाइकं ऐकून राहिले होते. एक बाई तं फुलं घेऊनही थांबली, पुढं काय झालं म्हणे. तू मले मधात बोलू देत नाही म्हणतो ना, तं घे, आता मीही चार पानं भरते, तूही मधात बोलू नको.

सीडीचं जाऊ दे. पाखरं भेत असतील तं चांगलंच हाय, आमच्या यायच्या मिशीले कोणी तरी भ्यालं.

पण मायचं मी उगाच नाही बोलली. लग्नाच्या आदल्या दिवशी आमचं वाजलं होतं. मी म्हटलं होतं, मले एवढ्या लवकर लग्न करायचं नाही, तू मले घरातून काढून राहिली. ती तशीच परडीतले झेंडू निवडत बसली. लग्न लागतानी ती तुळशीपाशी होती, तो रिवाजच हाय, त्याचं मले काही नाही. पण पाठवणीले तं येते ना माय? जीपमध्ये बसली तवा मी मागं वळून पाह्यलं. मावशी होती, शेजारच्या बाया होत्या, तू टपावर होता, अन् श्रावण व्हिडीओवाला आपला तो भला मोठा लाइट माह्या डोळ्यावर मारून राहिला होता. माय नव्हती.

मंग दरवर्षी माहेरी आली का वाटे, आता विचारीन. तिनं गरम भाकर वाढली का वाटे, जेवण होऊ दे, मंग विचारीन. असे पाच वर्षं गेले अन् माय गेली. आता विचारू कोणाले? ती सीडी होती, तं वाटे कधी तरी हिंमत करून पाहीन. ती तू पालकावर टांगली.

शालूवहिनीले सांगजो, तिच्यावर राग नाही. तुह्यावर हाय, पण माहेर तूच हाय, म्हून लोभ ठेवाच लागते.

तुही,
शकुन


वलगाव,
२४ नोव्हेंबर २०२४

प्रिय आत्यास,

वर्षालीचा साष्टांग नमस्कार. बाबा तुझं पत्र वाचून दोन दिवस वावरातून लवकर घरी आले नाहीत. मग मी विचार केला, लग्नाची सीडी गेली म्हणून काय झालं, कॅसेट काढणारा तर गावातच आहे.

श्रावणकाका आता मोबाइलची कव्हरं विकतात. त्यांच्या दुकानात माळ्यावर एक पेटी आहे, तिच्यात अर्ध्या वलगावची लग्नं पडून आहेत. तुझी मूळ कॅसेट निघाली. त्यांनी ती कुणाकडून तरी कॉम्प्युटरवर उतरवून दिली. उतरवणाऱ्यानं चार वेळा केलं आणि चारही वेळा वेगळ्या प्रकारची फाईल केली. एक डॅट, एक एव्हीआय, एक एमओव्ही आणि एक एमकेव्ही. पाठवणी फक्त शेवटच्या फाईलमध्ये पूर्ण आहे, असं तो म्हणतो. पाठवणीच्या वेळी आजी कुठे होती हे मी काकांना विचारलं. ते म्हणाले, चारशे लग्नं काढली पोरी, तुमच्या लग्नातली जिलबी तेवढी आठवते.

तुला माहीत आहे, मी अमरावतीच्या क्लासमध्ये सरांचे व्हिडीओ वेबसाइटवर चढवते. पोरं ते ब्राउझरमध्ये उघडून तिथल्या तिथे पाहतात. तसंच एक पान मी आपल्या घरासाठी बनवलं. त्यात चारही फायली ठेवल्यात आणि एक प्लेअर लावलाय. लिंक तुझ्या फोनवर पाठवली. तिच्यावर बोट ठेव, ब्राउझर उघडेल, मग तिरक्या त्रिकोणावर बोट ठेव. बस. मी अजून पाठवणी पाहिलेली नाही. ती आधी तू आणि बाबांनी पाहावी असं मला वाटतं.

जानरावकाकांना नमस्कार. माझ्यावरचा जीव आहे तेवढाच ठेव, बाबांच्या वाट्याचा कमी झाला असेल तर तोही इकडे वळव.

तुझी,
वर्षाली


अकोला,
३० नोव्हेंबर २०२४

चि. वर्षालीस,

आत्याचे पोटभर आशीर्वाद. तुह्या त्या त्रिकोणानं आमच्या घरात काय धिंगाणा घातला, ते सांगते.

पह्यली फाईल दाबली. ती चाललीच नाही, डाउनलोड होऊन बसली. मले वाटलं बोट नीट नाही लागलं, म्हून पुन्हा दाबली. असं सात खेपा. आता फोन म्हणते जागा नाही, नातवाचे फोटो काढून टाका. तुह्या काकायचा फोन बटनांचा, त्यायले यातलं काही कळत नाही, पण अक्कल लय. ते म्हणे, फाईलच्या शेवटी डॅट हाय ते खोडून एमपीफोर लिही, सगळे मोबाइल एमपीफोरच घेतात. मोठ्या डौलात माह्याकडून नाव बदलून घेतलं. फाईल तरी चालली नाही. मी म्हटलं, दुकानावर नगरशेठ लिहिलं म्हून आपण नगरशेठ होतो काय? तवापासून रुसून बसले.

दुसरी फाईल दाबली तं प्लेअर म्हणे हा प्रकार चालत नाही. तिसरी चालली, पण त्यात अख्खी हळद, अन् तुहा बाप लेझीम खेळते. सोळा मिनिटं. एक पाय दुसऱ्या पायाले विचारत नाही. पह्यल्यांदा हसली, मंग पुन्हा लावून पाह्यली.

चौथी लावली. चित्र एकदम साफ, पण आवाज नाही. फोन पूर्ण वाढवला, कानाले लावला, झटकला. काहीच नाही. मुक्यानंच पाह्यली.

वर्षाली, पाठवणी अकरा मिनिटांची हाय. शेवटचा रस्ता सोडला तं सगळी मीच हाय. माहं वाहतं नाक, माहा सुजलेला चेहरा. सगळ्या बाया येतात, गळ्यात पडतात, जातात. तुही आजी एकदाही दिसत नाही. मी पाच खेपा पाह्यलं. मनात वाटे, खोटी ठरली तं बरं होईन. नाही ठरली. तुह्या बापाले सांगजो, त्याची बहीण जिंकली. मले जिंकून काही बरं वाटलं नाही, हेही सांगजो.

जपून गाडी चालवजो. आत्याची माया जशी हाय तशी.

आत्या


वलगाव,
६ डिसेंबर २०२४

चि. सौ. शकुनबाईस,

अनेक आशीर्वाद. वर्षालीनं तुहं पत्र मले वाचाले दिलं. लेझीमवर मी काही बोलत नाही.

तू जिंकली नाही. ऐक.

आपल्या घरचा कॉम्प्युटर वर्षालीच्या कॉलेजच्या वेळचा. त्याच्यावर तीच चौथी फाईल मी लावली. पडदा काळाकुट्ट. मले वाटलं बिघडला, बंद कराले हात नेला तं सनई वाजली. मंग बायांचं बोलणं, जीपचा हॉर्न, अन् मंग माय. शकुन, मी खुर्चीवरून उठून उभा राहिलो. तेवीस वर्षांनी तिचा आवाज ऐकला. शालू चहा घेऊन आली तं पाहते, मी काळ्या पडद्यासमोर हात जोडून उभा. तिले वाटलं माह्या डोक्यात फरक पडला. कप खाली ठेवून पह्यले कपाळाले हात लावून पाह्यला.

सनई दूरची, बायांचं रडणं दूरचं, पण मायचा आवाज अगदी कानाशी. कोणाशी तरी हळूहळू बोलते. काय बोलते ते नीट समजलं नाही, कावून का माहंच नाक वाहून राहिलं होतं. पण ती पाठवणीले होती, अंगणातच होती. तुह्याजवळ चित्र हाय म्हून तू म्हणते नव्हती. माह्याजवळ आवाज हाय म्हून मी म्हणतो होती. आता सांग, काय करायचं?

लोभ कमी झाला असन तं थोडा उसना घेजो, पण ठेवजो.

शेषरावभाऊ


अकोला,
११ डिसेंबर २०२४

भाऊस नमस्कार.

वाकून केला नाही, उभ्यानंच केला.

एकाच फाईलीत मले चित्र दिसते अन् तुले आवाज येते, असं कुठी असते काय? तुह्या घरी कॉम्प्युटरवाली पोरगी हाय. मायचा आवाज दुसऱ्या कोणत्या कॅसेटीतून काढून इथी चिकटवणं तिले काय जड हाय? तिनं केलं असन असं मी म्हणत नाही. पण तू लहानपणापासून मले रडतानी पाहू शकत नाही, हे मले ठाऊक हाय. माही बाहुली इहिरीत पडली तवा तू सांगतलं होतं की ती पोहून दुसऱ्या गावाले गेली. मी चार वर्षं त्या गावाची वाट पाह्यली.

तसं आता करू नको. मी पन्नाशीची बाई हाय. माय आली नाही तं नाही आली, मी तेवढं सोसून इथवर संसार केला. पण ती गेल्यावर तिच्या तोंडी तुहे शब्द घालू नको, भाऊ. एवढं ऐकजो.

हे हार पाठवून राहिले, दत्तजयंतीले. माह्याकडून नाही, यायच्याकडून समजजो.

शकुन


वलगाव,
१६ डिसेंबर २०२४

प्रिय आत्यास,

साष्टांग नमस्कार. हेच पत्र मी दोनदा लिहिलंय, एक तुला, एक बाबांना. बाबा घरातच आहेत, तरी त्यांनाही पोस्टानं पाठवतेय. तुम्हा दोघांचा कायदा मोडायला नको.

आधी तुझ्या शंकेचं उत्तर. फाईल म्हणजे दोन खणांचा डबा समज. एका खणात चित्र, दुसऱ्यात आवाज. दोन्ही वेगवेगळ्या पद्धतीनं दाबून भरलेले असतात, आणि डब्यावरच्या नावावरून आत कसं भरलंय ते कळत नाही. म्हणून काकांनी नाव बदलून काही झालं नाही. ज्या यंत्राच्या ब्राउझरला जी पद्धत येते तेवढाच खण तो उघडतो. तुझ्या नव्या फोनला हे चित्र उघडता येतं, हा आवाज नाही. आमच्या जुन्या डबड्याला आवाज येतो, चित्र नाही. क्लासमध्ये मी हे रोज निस्तरते. एकदा गणिताच्या सरांचा अख्खा तास मुका चढला आणि पोरं म्हणाली, आज पहिल्यांदा समजलं.

ही फाईल दुरुस्त करायला मला अर्धा तास पुरेल. पण मी करणार नाही. केली तर तू म्हणशील आवाज मागून चिकटवला, आणि ते मनातून कधी जाणार नाही. म्हणून माझं एक ऐका. येत्या रविवारी, २२ तारखेला, तू तुझ्या फोनवर फक्त पाठवणी पाहायची. प्लेअरच्या खाली मिनिटं आणि सेकंद दिसतात. कितव्या मिनिटाला, कितव्या सेकंदाला काय दिसतं ते बारीकसारीक लिहायचं. बाबांनी तसंच काय ऐकू येतं ते लिहायचं. सोमवारी दोघांनी पत्रं टाकायची. बाबांना तुझं चित्र दिसत नाही, तुला त्यांचा आवाज येत नाही, त्यामुळे कुणालाच कुणाची कॉपी करता येणार नाही. आमच्या क्लासची परीक्षाही एवढी कडक नसते.

दोन्ही पत्रं जुळली नाहीत तर बाबा तुझी माफी मागतील. त्यांनी कबूल केलंय, मी लिहून घेतलंय. जुळली तर काय ते तू ठरव.

आजी गेली तेव्हा मी जन्मलेही नव्हते. मला तिचा आवाज कसा होता हेसुद्धा बाबांनी त्या दिवशी दाराबाहेर थांबायला लावलं म्हणून ऐकता आलं नाही. तेव्हा भांडा, पण लवकर आटपा.

तुझी,
वर्षाली


अकोला,
२३ डिसेंबर २०२४

तीर्थरूप भाऊस,

नमस्कार. पोरीनं सांगतलं म्हून करून राहिली, मले यातून काही निघन असं वाटत नाही. फोन टोपलीले टेकवून ठेवला, चष्मा लावला, यायले बोलू नका म्हटलं.

सदतीस मिनिटं दहा सेकंदाले मी दारातून बाहेर येते. शालूवहिनी नुसतीच नाक पुसून राहिली, माहं की तिचं ते समजत नाही. मंग बाया गळ्यात पडतात. अडतीस मिनिटं चाळीस सेकंदाले चित्र थोडं वाकडं होते, जसं श्रावण मान वळवून बाजूच्या माणसाशी बोलते, पण कॅमेरा माह्यावरच राहते. एकोणचाळीस मिनिटं तीस सेकंदाले आमचे हे सतरंजीत पाय अडकून पडतात. फेटा एकीकडे, हे एकीकडे. यायनं आजवर मले सांगतलं होतं की फेटा वाऱ्यानं उडाला होता.

एक्केचाळीस मिनिटं बारा सेकंदाले कॅमेरा माह्यावरून सुटून डाव्या बाजूले फिरते. मांडवाचा खांब दिसते. अन् मधातच एका बाईचा हात येते. हिरव्या बांगड्या, अंगठ्याले पांढरी चिंधी गुंडाळलेली. तो हात कॅमेऱ्याले ढकलते अन् चित्र पुन्हा माह्यावर येते. कोण बाई मधात कडमडली, देव जाणे. चेहरा दिसत नाही.

त्रेचाळीस मिनिटांवर मी जीपमध्ये चढते. चव्वेचाळीस मिनिटं पाच सेकंदाले मी मागं वळून पाहते, सरळ कॅमेऱ्यात. लाइटानं डोळे बारीक झालेले. लय वेळ पाहते. ते मले आजही पाहवत नाही, म्हून तिथी मी दर खेपेले दुसरीकडे पाहते. या खेपेले लिहायचं होतं म्हून पाह्यलं.

मंग जीप निघते. चव्वेचाळीस मिनिटं तीस सेकंदापासून सत्तेचाळीस पन्नासपर्यंत नुसता रस्ता. धूळ, अन् मंग धूळही नाही. रिकामा रस्ता तीन मिनिटं. श्रावणनं काय म्हून एवढी कॅसेट फुकट घालवली? तेवढ्यात पंगतीतले अजून शंभर माणसं झाले असते.

माय कुठीच नाही. लिहिलं, आता झालं. तू मात्र जे ऐकलं तेवढंच लिहिलं असन अशी आशा ठेवते.

शकुन


वलगाव,
२३ डिसेंबर २०२४

चि. सौ. शकुनबाईस,

आशीर्वाद. या खेपेले वर्षालीचं ते कानात घालायचं यंत्र घेतलं, म्हून सगळं समजलं. माह्या मनाचं एक अक्षर नाही. तुह्या बाहुलीची शपथ.

सदतीस दहाले दाराची कडी वाजते अन् बायांचा गलका होते. अडतीस चाळीसले श्रावण अगदी जवळून विचारते, काकू, अंगठ्याले काय झालं. माय म्हणते, सुई गेली रे सकाळी, तिच्या गळ्यातला हार माह्याच हातचा पाहिजे होता ना. एकोणचाळीस तीसले धप्पकन आवाज, मंग सगळे हसतात. मायही हसते. म्हणते, जवाई पडला वाटते, लागलं तं नाही ना त्याले.

एक्केचाळीस बाराले श्रावण म्हणते, काकू, तुमाले घेतो एक खेप. बांगड्या वाजतात. माय म्हणते, मले नको घेऊ. तिच्याकडं धर. तिनं मले पाह्यलं तं ती गाडीत बसणार नाही, अन् मीही बसू देणार नाही.

मंग श्रावण विचारते, काकू, ती तुमच्याशी बोलत नाही का. माय म्हणते, काल भांडली. राग असू दे तिच्या मनात. रागात पाय लवकर उचलते. हे बेचाळीस पन्नासले.

चव्वेचाळीस पाचले सगळं चूप होते. सनईही थांबते. मंग माय अगदी हळू म्हणते, पाह्य, मलेच पाहून राहिली. श्रावण म्हणते, लाइटामागचं तिले काही दिसत नाही, काकू, बंद करू का लाइट? माय म्हणते, नको.

चव्वेचाळीस तीसले जीप निघते. श्रावण म्हणते, झालं काकू, बंद करतो. माय म्हणते, बंद नको करू. धूळ बसू दे. त्याच्यापुढं सत्तेचाळीस पन्नासपर्यंत कोणी बोलत नाही. नुसता मायचा श्वास हाय.

मी एवढंच ऐकलं. चित्रात काय हाय ते तुले ठाऊक. नाही जुळलं तं माफी मागतो.

तुहा,
भाऊ


अकोला,
२८ डिसेंबर २०२४

तीर्थरूप भाऊस,

शकुनचा पार जमिनीपर्यंत वाकून नमस्कार.

तुहं पत्र काल दुपारी आलं. मी वाचलं अन् ओट्यावर बसूनच राहिली. यायनं काय झालं विचारलं, मी पत्रच हातात दिलं. मंग फोन पुन्हा टोपलीले टेकवला, पाठवणी लावली, अन् यायले म्हटलं, घड्याळ पाहून वाचा. भाऊ, तू ऐकलेलं माह्या चित्रावर वाचून घेतलं मी. पह्यल्या खेपेले हे दोन सेकंद मागं राहिले, स्वतःच्या पडण्यापाशी अडखळले. म्हटलं, पुन्हा पह्यल्यापासून. दुसऱ्या खेपेले बरोबर जुळलं. अंगठा, चिंधी, बांगड्या, सगळं. एक्केचाळीस बाराले हात आला अन् यायच्या तोंडून माय म्हणे, तिच्याकडं धर. तुले तं तो हात दिसतही नव्हता. चव्वेचाळीस पाचले यायनं चष्मा काढला अन् पुढचं वाचता येत नाही म्हणे. पुढचं मीच वाचलं.

मी तुह्यावर नाही तो आळ घेतला. चिकटवलं म्हटलं. तिच्या तोंडी शब्द घालू नको म्हटलं. चुकलं माहं. वर्षालीलेही सांगजो, आत्यानं कान धरले म्हून.

अठ्ठावीस वर्षं मी मनात धरून होती का माय आली नाही, अन् कॅसेट पाहूनही म्हटलं, माय कुठीच दिसत नाही. ती दिसन कशी? जे दिसते ते तिच्याच जागेवरून दिसते. माहं वाहतं नाक, सुजलेलं तोंड, तो रिकामा रस्ता, सगळं तिनं उभं राहून पाह्यलं, तेच मी पाहून राहिली. मी जीपमधून मागं वळून मायले शोधत होती ना, तं मी सरळ तिच्याकडंच पाहत होती.

वर्षालीले म्हणा, आता फाईल दुरुस्त कर, चित्र अन् आवाज एका जागी लाव, अन् आजीचा आवाज तूही ऐक. पण शेवटचा रस्ता कापू नको. तीन मिनिटं जशी हायेत तशी राहू दे. वाफ्यावरची सीडीही काढू नका, पाखरं तिलेच ओळखत असतील.

उद्या सकाळी सातले फोन करते. पह्यले अकरा मिनिटं तू बोलजो. मी मधात बोलणार नाही.

तुहीच,
शकुन